बेस तपासायचा कोणत्या गाण्यावर? एका हेडफोनचं प्रकरण

माझा भाचा लघुपटांचं ध्वनिसंकलन करतो. मागे त्याच्या एका मिक्सबद्दल (म्हणजे सगळे आवाज जुळवून केलेल्या ध्वनिपट्टीबद्दल) लागोपाठ दोन तक्रारी आल्या आणि दोन्ही एकमेकींच्या उलट होत्या. ज्यांनी तो लघुपट घरच्या साध्या स्पीकरवर पाहिला त्यांना निवेदकाचा आवाज पातळ वाटला. आवाजाला अंगच नाही, असं त्यांचं म्हणणं. तोच लघुपट सबवूफर (खालचे स्वर वाजवणारा मोठा स्पीकर) असलेल्या सभागृहात लागला तेव्हा संवादांच्या खालून एक घरघर सतत येत राहिली. म्हणजे एकाच मिक्समध्ये बेस कमीही होता आणि जास्तही.

हे सगळं मिक्स त्याने कानाभोवती बसणाऱ्या, बंद पाठीच्या हेडफोनवर केलं होतं. शंका आली तेव्हा त्याने मित्राचे कानाच्या आत बसणारे इन-इअर आणले, नेहमीची चार ‘बेसवाली’ गाणी दोन्हींवर ऐकली आणि मला फोन केला. “मावशी, माझ्या हेडफोनमध्ये बेस दणदणीत आहे. इन-इअरमध्ये जवळजवळ नाहीच. मग ती घरघर मला आधी ऐकू का आली नाही?”

“हेडफोनचं नंतर बघू,” मी म्हटलं. “आधी ती चार गाणी पाठव.”

हे प्रकरण लिहून काढते आहे ते त्या चार गाण्यांसाठी. बेसबद्दल वाद झाला की हेडफोनवर संशय घेतला जातो, ॲम्प्लिफायरवर घेतला जातो, केबलवरही घेतला जातो. ज्या गाण्यावर परीक्षा चालली आहे त्याची परीक्षा मात्र कुणी घेत नाही. गाण्यात जे नाहीच ते हेडफोन वाजवणार नाही, आणि गाण्यात ते नाही हे कानाला कळेलच असंही नाही. या प्रकरणातला सगळा घोळ या दुसऱ्या गोष्टीमुळे झाला.

चार गाण्यांची झडती

पहिलं गाणं नाचाचं, जोरदार किक (पायाने वाजवायच्या ढोलाचा ठोका) असलेलं. दुसरं हिपहॉप, त्यात किक आणि बेस मिळून एकच लांब घुमणारा ठोका होता. तिसरं एक जुनं चित्रपटगीत, त्यातली बेस गिटारची चाल भाच्याला तोंडपाठ. चौथं ख्यालाचं ध्वनिमुद्रण, ते का निवडलंस विचारल्यावर म्हणाला, “खर्जाची तार काय भरून येते त्यात!”

चारही फाइल्स ऑडॅसिटी या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडून स्पेक्ट्रमचा, म्हणजे कोणत्या उंचीचा स्वर किती जोरात आहे याचा, आलेख काढला. इथे एक बारकावा आहे आणि तो चुकला तर पुढचं सगळं चुकतं. आलेखाच्या खिडकीचा आकार (एका वेळी किती नमुने मोजायचे तो) २०४८ नमुन्यांचा ठेवला, तर सेकंदाला ४४,१०० नमुने असलेल्या फाइलमध्ये आलेखाचे बिंदू एकमेकांपासून साडेएकवीस हर्ट्झवर (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं) पडतात. तेवढ्या अंतरात बेस गिटारच्या तळाच्या तारेवरचे कितीतरी पडदे मावतात. म्हणजे ज्या भागाकडे पाहायचं तोच भाग पुसट दिसतो. आकार १६,३८४ केला की बिंदूंमधलं अंतर २.७ हर्ट्झवर येतं आणि तळातले स्वर वेगळे दिसायला लागतात.

नाचाच्या गाण्यातल्या किकचा उंचवटा ५८ हर्ट्झजवळ होता आणि ४५च्या खाली आलेख सरळ कोसळत होता. यात नवल काही नाही. तळातला निरुपयोगी भाग छाटला की उरलेला आवाज जास्त मोठा करता येतो, म्हणून बरेच ध्वनिमुद्रक तो छाटूनच टाकतात. हिपहॉपच्या ठोक्याचा मूळ स्वर ४६ हर्ट्झचा, पण त्याला मुद्दाम डिस्टॉर्शन दिलेलं; त्यामुळे ९२ आणि १३८ हर्ट्झला त्याचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वराच्या पटीतले वरचे स्वर, चांगले बळकट होते. फोनच्या चिमुकल्या स्पीकरवरही ठोका कळावा, म्हणून हल्ली असंच करतात. जुन्या चित्रपटगीतात ७० हर्ट्झच्या खाली फारसं काही शिल्लक नव्हतं. बेस गिटारच्या तळाच्या तारेचा मूळ स्वर ४१ हर्ट्झचा असतो. म्हणजे भाच्याला तोंडपाठ असलेल्या त्या चालीतले सगळ्यांत खालचे स्वर ध्वनिमुद्रणात जवळपास नव्हतेच. होते ते त्यांचे उपस्वर.

ख्यालाची गोष्ट सगळ्यांत बोलकी. गायकाचा षड्ज काळी एक, म्हणजे सुमारे १३९ हर्ट्झ. खर्ज त्याच्या निम्मा, ६९ हर्ट्झ. आलेखात ६९ला लहानसा उंचवटा होता. त्याहून कितीतरी उंच शिखरं १३९, २०८, २७७ आणि ३४६ला होती. तानपुऱ्याची जवारी हेच काम करते, ती तारेचे उपस्वर फुलवते. हा ३४६ हर्ट्झचा पाचवा उपस्वर म्हणजेच आपला स्वयंभू गंधार. खर्जाची तार ‘भरून येते’ ती मुख्यतः या वरच्या पसाऱ्यामुळे.

तरी ऐकताना ६९ हर्ट्झचा खर्ज स्पष्ट जाणवतो, तो कसा? आपली श्रवणयंत्रणा उपस्वरांमधलं सारखं अंतर पकडते. १३९, २०८, २७७ ही ओळ ऐकली की ती ६९च्या पटीतली आहे हे मेंदू ओळखतो आणि मूळ स्वर गैरहजर असला तरी त्याच उंचीचा स्वर आपल्याला ऐकवतो. रोजचा अनुभव टेलिफोनचा. जुन्या पद्धतीची टेलिफोनची लाइन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढंच वाहून न्यायची. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर बहुधा ८५ ते १८० हर्ट्झच्या दरम्यान असतो, म्हणजे तो लाइनवर यायचाच नाही. तरी पलीकडून वडील बोलतायत की आई, याबद्दल कुणाची गफलत होत नव्हती.

कानाची ही देणगी संगीताच्या आनंदासाठी मोलाची आहे. बेसच्या परीक्षेत मात्र ती फसवते. ‘बेसची चाल ऐकू आली’ हा ‘बेस वाजला’ याचा पुरावा होऊ शकत नाही. भाच्याची चारही गाणी हेडफोनला फिरवून फिरवून एकच प्रश्न विचारत होती: ६० ते २०० हर्ट्झमध्ये तू किती जोरात वाजतोस? सभागृहातल्या घरघरीचा उंचवटा मी मिक्सच्या फाइलमध्येच तपासला. तो २८ ते ३५ हर्ट्झच्या पट्ट्यात होता. चित्रीकरणाच्या जागी चालू राहिलेल्या कुठल्यातरी यंत्राची ती कंपनं, संवादांच्या माइकमधून आत आलेली. त्या पट्ट्याबद्दल चारपैकी एकाही गाण्याला काही विचारताच येत नव्हतं.

नवी गाणी निवडताना

नवी यादी करताना मी भाच्याला सांगितलं की आवडतं गाणं घ्यायला हरकत नाही, ओळखीचं गाणं तर हवंच. पण प्रत्येक गाण्यापुढे त्याने विचारायचा प्रश्न लिहून ठेवायचा. प्रश्न लिहिता येत नसेल तर ते गाणं आनंदासाठी ऐकावं, तपासणीला घेऊ नये.

पहिला प्रश्न होता खोलीचा: ४० हर्ट्झच्या खाली काही वाजतं का? इथे वाद्यांची निवड फार मर्यादित आहे. चार तारांची बेस गिटार आणि डबल बास (उभं धरून वाजवायचं मोठं तंतुवाद्य) ४१ हर्ट्झला थांबतात. पाच तारांच्या बेस गिटारची तळाची तार ३१ हर्ट्झची. पियानोचा सगळ्यांत खालचा स्वर २७.५चा, पण त्याचा मूळ स्वर इतका क्षीण असतो की ऐकू येतात ते उपस्वरच. खरा आधार पाइप ऑर्गनचा; त्याच्या सोळा फुटी नळीचा तळाचा स्वर सुमारे ३३ हर्ट्झचा आणि बत्तीस फुटीचा सोळा हर्ट्झच्या थोडा वर. म्हणून जर्मन संगीतकार रिचर्ड श्ट्राउस यांची १८९६ सालची ‘आल्सो श्प्राख झाराथुस्ट्रा’ ही वाद्यवृंदरचना घेतली. तिची सुरुवातच ऑर्गन, डबल बास आणि कॉन्ट्राबसून (फुंकून वाजवायचं खोल आवाजाचं वाद्य) यांच्या एका लांबलचक, अगदी खालच्या स्वराने होते. वरची तुतारी वाजेपर्यंत तळात दुसरं फारसं काही नसतं, त्यामुळे कानाला लपायला जागा मिळत नाही. आम्ही घेतलेल्या ध्वनिमुद्रणात ३३ हर्ट्झला ठळक शिखर आहे याची खात्री आधी आलेखात केली. एकाच रचनेच्या दोन ध्वनिमुद्रणांत तळ सारखा असेलच असं नाही, तेव्हा रचनेच्या नावावर विसंबून चालत नाही. हातात आहे ती फाइलच तपासावी लागते.

जोडीला एक इलेक्ट्रॉनिक तुकडा घेतला, स्वच्छ साइन स्वराचा (म्हणजे उपस्वर नसलेल्या स्वराचा), ५५ हर्ट्झवरून हळूहळू खाली घसरणारा. रोलँडचं टीआर-८०८ हे तालयंत्र १९८० साली आलं. त्याच्या किकचा ठोका लांबवला की साधारण असाच स्वच्छ, घुमत राहणारा स्वर मिळतो. स्वच्छ असणं महत्त्वाचं, कारण उपस्वर नसले की मेंदूला मूळ स्वर भरून काढता येत नाही. हेडफोनने वाजवला तर तो आहे, नाहीतर शांतता. एक सावधगिरी मात्र हवी. ताण पडलेला हेडफोन ३० हर्ट्झच्या स्वरातून स्वतःच ६० आणि ९० निर्माण करतो आणि ऐकणारा खूश होतो. स्वर खाली घसरता घसरता अचानक वरच्या सप्तकात उडी मारल्यासारखा वाटला किंवा त्याला खरखर आली, तर ती हेडफोनची भर समजावी.

दुसरा प्रश्न समतोलाचा: बेसचे सगळे स्वर सारख्या वजनाने येतात का? यासाठी चालता डबल बास, म्हणजे जॅझमध्ये मात्रेमात्रेला एक स्वर घेत वरखाली फिरणारी चाल, याच्याएवढं उपयोगी मला दुसरं काही सापडलेलं नाही. वादक सगळे स्वर जवळपास सारख्या जोराने छेडतो. हेडफोनमध्ये कुठे फुगवटा असेल तर चाल तिथून जाताना दोन-तीन स्वर पुढे येऊन बोलतात आणि लगेच मागे जातात. फुगवट्याच्या जागी किक बसली असेल तर ती फक्त ‘दमदार’ वाटते, आणि ऐकणारा तो गुण समजतो.

याच कामासाठी भाच्याने स्वतःहून तबल्याचं एक ध्वनिमुद्रण सुचवलं आणि मला ते फार आवडलं. डग्ग्यावर ‘घे’ वाजवून मनगटाचा दाब वाढवला की स्वर सलग वर सरकतो. चालत्या बासमध्ये पायऱ्या असतात, इथे उतरण अखंड आहे. आमच्या फाइलमध्ये ती मींड ८५ पासून दीडशेच्या आसपास जात होती. मींड वर जाताना आवाजाचा जोर मधेच उसळला, तर त्या जागी हेडफोन स्वतःचं काही मिसळतो आहे. तबला ज्याने जवळून ऐकला आहे, त्याला ही उसळी चटकन खटकते.

तिसरा प्रश्न अनेकांना सुचतच नाही: जिथे बेस नाही तिथे हेडफोन गप्प बसतो का? म्हणून एक बासरीचं एकल वादन घेतलं, आणि एका पुरुष निवेदकाचं जवळून घेतलेलं, स्वच्छ ध्वनिमुद्रण. निवेदकाच्या आवाजात छातीचा घुमारा जरुरीपेक्षा जास्त आला तर शंभर-दीडशे हर्ट्झच्या भागात गडबड आहे. आणि खालचे स्वर मोठे झाले की ते वरच्या स्वरांना झाकतात. याच्या उलट फारसं घडत नाही. म्हणून बेस फुगला की त्याची किंमत आवाजाची स्पष्टता मोजते.

यादीबाहेर काय ठेवलं तेही सांगते. विजेवर चालणाऱ्या माइकने ध्वनिमुद्रण १९२५च्या सुमाराला सुरू झालं, त्याआधीच्या तबकड्यांत बेस जवळपास नसतोच, त्या बाद. ‘बेस टेस्ट’ नावाने फिरणारे तुकडे बाद, कारण त्यांत बेस आधीच इतका चढवलेला असतो की हेडफोन कोणताही असो, डोकं हादरतं आणि काही कळत नाही. मैफलींची थेट ध्वनिमुद्रणं बाद, कारण सभागृहाचा स्वतःचा घुमारा त्यांत मिसळलेला असतो.

जुळी फाइल

ज्या एका युक्तीने हे प्रकरण सुटलं ती साधी आहे. तपासणीच्या गाण्याची एक प्रत काढायची, प्रतीला हाय-पास फिल्टर लावून तळ कापायचा आणि मूळ व प्रत आलटून पालटून ऐकायचं. ऑर्गनच्या तुकड्याला आम्ही ५० हर्ट्झवर, सप्तकामागे ४८ डेसिबल इतक्या तीव्र उताराचा फिल्टर लावला. त्याने ३३ हर्ट्झचा मूळ स्वर जवळजवळ ३० डेसिबलने खाली गेला आणि ६५ हर्ट्झचा दुसरा उपस्वर जागच्या जागी राहिला. दोन्ही फाइल्समध्ये स्वराची उंची तीच वाटते, कारण मेंदू ती उपस्वरांवरून लावतो. फरक उरतो तो फक्त मूळ स्वराच्या हजेरीचा. तो फरक ऐकू आला तर हेडफोन ३३ हर्ट्झ वाजवतो. आला नाही तर गाण्यात ‘बेस आहे’ असं कितीही वाटत असलं तरी तो तळ तुमच्यापर्यंत पोचत नाही.

ऐकणाऱ्याला कोणती फाइल चालू आहे हे माहीत नसावं. दुसऱ्याने नाणं उडवून फाइल लावायची आणि ऐकणाऱ्याने ‘मूळ’ की ‘कापलेली’ एवढंच सांगायचं. दहा खेपांत निव्वळ अंदाजाने आठ किंवा जास्त उत्तरं बरोबर येण्याची शक्यता साधारण साडेपाच टक्के असते, नऊ किंवा जास्त येण्याची एक टक्का. म्हणून नऊच्या खाली आम्ही ‘ऐकू आलं’ म्हणायचं नाही असं ठरवलं.

आवाजाची पातळी

भाच्याने पहिल्या वेळी दोन्ही हेडफोन फोनचा आवाज तोच ठेवून ऐकले होते. पण दोघांची संवेदनशीलता वेगळी, त्यामुळे त्याचा हेडफोन मुळातच मोठा वाजत होता. मोठं वाजतं ते चांगलं वाटतं हे तर आहेच, बेसच्या बाबतीत त्याहून जास्त काही घडतं. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ साली दाखवून दिलं की मंद आवाजात कान खालच्या स्वरांना फार बहिरा असतो. आजच्या प्रमाणित आलेखांनुसार १००० हर्ट्झचा ४० डेसिबलचा स्वर जेवढा मोठा वाटतो, तेवढंच वाटायला ५० हर्ट्झला सुमारे ७८ डेसिबल लागतात आणि ३१.५ हर्ट्झला सुमारे ८८. आवाज चढवत गेलं की ही दरी अरुंद होत जाते, म्हणजे एकूण आवाज थोडा वाढला तरी बेस जास्त वाढल्यासारखा वाटतो. पातळी न जुळवता केलेली बेसची तुलना म्हणून कामाचीच नाही.

पाचशे ते दोन हजार हर्ट्झच्या पट्ट्यातला गोंगाट वाजवून दोन्ही हेडफोनची पातळी कानाने जुळवली; त्या भागात बेस नसतो, म्हणून जुळवणी बेसने बिघडत नाही. इक्वलायझर (ठरावीक पट्ट्यांचा आवाज कमी-जास्त करणारी सोय) बंद, गाण्यांची पातळी आपोआप सारखी करणारी सोय बंद. तळ ऐकू येईना म्हणून आवाज वाढवत नेण्याचा मोह भाच्याला झाला तेव्हा मी त्याला ठाम अडवलं. तळ वाढतो तसा मधला आणि वरचा भागही वाढतो, आणि कानाला इजा प्रामुख्याने त्यानेच होते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास अशी आहे; पातळी चढली की हे तास झपाट्याने आटतात. बेसची परीक्षा बेताच्या आवाजातच घ्यायची, आणि पट्टी सगळ्या हेडफोनना तीच लावायची.

काय निघालं

ऑर्गनच्या जुळ्या फाइल्स भाच्याला त्याच्या हेडफोनवर ओळखता आल्या नाहीत. उत्तरं निव्वळ अंदाजाची होती. इन-इअरवर त्याने त्या न चुकता ओळखल्या. ज्यात ‘बेस जवळजवळ नाहीच’ त्यात ३३ हर्ट्झ होता, आणि ज्यात ‘दणदणीत’ त्यात नव्हता. भाचा थोडा वेळ काही बोललाच नाही.

मग मी त्याला ऑर्गन चालू ठेवून हेडफोनच्या दोन्ही वाट्या तळहातांनी हलकेच कानांवर दाबायला सांगितलं. खालून एक लाट वर आल्यासारखा तो स्वर आला. हात काढले, गेला. हेडफोन मुळात ठीक होता; हवा गळत होती. भाचा चष्मा लावतो आणि त्याच्या चष्म्याच्या काड्या जाड आहेत. काडीमुळे पॅड कानामागे उचललं जात होतं आणि त्या फटीतून सगळ्यांत आधी तळ निसटत होता. हेडफोनमधला छोटा पडदा कानासमोरच्या बंद हवेवर दाब टाकून बेस तयार करतो. हवा बंद राहिली नाही की दाब टिकत नाही, आणि जितका स्वर खालचा तितकं नुकसान जास्त. इन-इअरमध्ये हाच धोका चुकीच्या मापाच्या टिपमुळे उद्भवतो, पण मित्राच्या टिप त्याच्या कानात नीट बसल्या होत्या. चष्मा काढून जुळ्या फाइल्स पुन्हा ऐकवल्या, तर त्याच हेडफोनवर त्या ओळखता आल्या.

अर्धं कोडं सुटलं: घरघर का ऐकू आली नाही. आवाज पातळ का झाला, याचं उत्तर चालत्या बासने दिलं. चाल वर चढत १२० ते १६० हर्ट्झच्या भागात आली की भाच्याच्या हेडफोनवर ती सुजायची. चष्मा असो वा नसो. डग्ग्याची मींड त्याच जागी उसळायची. निवेदकाचा स्वच्छ आवाज तिथेच जाड व्हायचा. इन-इअरवर यातलं काही नव्हतं. म्हणजे भाचा मिक्स करताना हेडफोनचा फुगवटा ऐकून तो निवेदकाच्या आवाजातून कापत होता. कापलं गेलं ते आवाजाचं खरं अंग, आणि फुगवटा नसलेल्या स्पीकरवर आवाज पातळ पडला.

त्याची जुनी चार गाणी नेमकी याच फुगवट्यावर बसलेली होती. किकचा दुसरा उपस्वर, डिस्टॉर्शनवाल्या ठोक्याचा तिसरा, जुन्या बेस गिटारची सगळी चाल, तानपुऱ्याचा षड्ज: सगळं शंभर ते दीडशेच्या आसपास. त्या गाण्यांनी हेडफोनला पैकीच्या पैकी गुण दिले यात आश्चर्य नाही.

‘वेगवान बेस’, ‘सुस्त बेस’ हे शब्द या संदर्भात फार कानावर येतात. भाच्याचंही म्हणणं होतं की त्याचा हेडफोन ‘सुस्त’ आहे. माझ्या अनुभवात ज्याला सुस्तपणा म्हणतात तो बहुतेक वेळा हा फुगवटाच असतो. इक्वलायझरने त्या भागातून ४ डेसिबल उतरवल्यावर किक आणि बेस एकमेकांपासून सुटे झाले आणि हेडफोन तोच असून ‘चपळ’ वाटायला लागला.

पुढे काय केलं

नवा हेडफोन घ्यावा लागला नाही. भाच्याने बारीक काड्यांचा चष्मा कामासाठी ठेवला आणि चेपलेली पॅड बदलून जाड, मऊ बसवली. नव्या पॅडनी आवाजाचा घाट थोडा बदलतो, म्हणून चालता बास पुन्हा ऐकून इक्वलायझरची दुरुस्ती ३ डेसिबलवर आणली. चाळीसच्या खालचा भाग तो आता इन-इअरवर आणि आलेखात, दोन्हीकडे पाहतो.

गाणी ऐकताना मात्र तो इक्वलायझर बंद ठेवतो, फुगवट्यासकट. मला त्यात काही वावगं वाटत नाही. हरमन या ध्वनियंत्रं बनवणाऱ्या कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी ऐकणाऱ्यांच्या पसंतीवर बरंच काम केलं आहे. त्यात दिसतं ते असं, की हेडफोनमध्ये बेस थोडा चढवलेला बहुतेकांना आवडतो, पण किती चढवावा यावर एकमत नाही. काहींना जास्त हवा, काहींना कमी. शिवाय सबवूफरची कंपनं अंगालाही जाणवतात. हेडफोनमध्ये ती नसतात, त्याची भरपाई कान थोड्या जास्त बेसने मागतो असं मला वाटतं. आवडीचं उत्तर यादीतून काढायचंच नाही. आपल्याला जे आवडतं आहे ते नक्की किती हर्ट्झवर आहे, एवढं मात्र यादी सांगते.

चालत्या बासच्या ध्वनिमुद्रणात एक जागा आम्ही ‘भरवसा नको’ म्हणून नोंदवून ठेवली आहे. त्यात ५५ हर्ट्झचा स्वर दोन्ही हेडफोनवर मोठा येतो. दुसऱ्या वादकाचं ध्वनिमुद्रण लावलं तर येत नाही. डबल बासची ती मोकळी तार आहे आणि बहुधा वादकाने ती दाबून धरलेली नाही. दोन वेगळ्या हेडफोनवर एकच स्वर उसळला तर आधी ध्वनिमुद्रणाकडे पाहायचं, हे त्यातून पक्कं झालं. एका प्रश्नासाठी निदान दोन गाणी हवीत ती याचसाठी.

लघुपटाचं मिक्स भाच्याने नव्याने केलं. निवेदकाच्या आवाजातला कापलेला भाग परत आणला आणि संवादांच्या ट्रॅकला ८० हर्ट्झवर हाय-पास फिल्टर लावला. घरघर गेली. पण पावसाच्या एका प्रसंगात ढगांचा गडगडाट संवादांच्याच माइकमध्ये आला होता. फिल्टरने त्याचाही तळ खाल्ला आणि सभागृहात तो पत्रा वाजवल्यासारखा कोरडा झाला. तेवढ्या दृश्यापुरता फिल्टर काढून गडगडाट वेगळ्या ट्रॅकवर घेतला. यंत्राच्या घरघरीचा २८ ते ३५चा अरुंद पट्टाच तिथून कापला आणि ४०च्या वरचं सगळं राहू दिलं. त्या दृश्याच्याही जुळ्या फाइल्स काढल्या. पट्टा कापलेली आणि न कापलेली यांतला फरक इन-इअरवर गडगडाटाच्या शेपटीत किंचित जाणवतो, पण ठोका शाबूत आहे. पुढच्या प्रदर्शनाला हीच आवृत्ती गेली.